बाबांचं डर्बीशायर

तुम्ही पाठवलेला फोटो पाहिला. दरीच्या तोंडाशी असलेल्या लाकडी पाटीला टेकून दोघं उभे आहात, हातात चिप्सची पाकिटं, आणि खाली लिहिलंय की दरी 'डन'. तुमच्या आईला फोनवर विचारलं, तर म्हणाली की पार्किंगपासून पहिल्या धबधब्यापर्यंत गेलो, तेवढ्यात भुरभुर सुरू झाली, मग परत आलो. टेक्सासच्या सपाटीवरच्या शुगर लँडमधल्या मुलांकडून याहून जास्त अपेक्षा ठेवणं चूक आहे. तुमच्याकडे उंची म्हणजे फ्लायओव्हर आणि खोली म्हणजे स्विमिंग पूल. पण ज्या दरीला तुम्ही तासाभरात 'डन' करून टाकलंत, तिच्या आसपास मी माझ्या तरुणपणाची काही वर्षं काढली आहेत, आणि तिथे जे घडलं ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. म्हणून तुमची आजी पुण्यात बसून हे लिहिते आहे. मराठीत लिहिते आहे, तेव्हा आईकडून वाचून घ्यावं लागेल. तिने मध्येच एखादं वाक्य गाळलं तर ते कोणतं, हे तिला जरूर विचारा.

न्यूयॉर्क राज्याच्या आतल्या भागात लांबट तळी आहेत, आणि तळ्यांच्या दोन्ही अंगांनी जमीन चिरत गेलेल्या अरुंद, झाडीने भरलेल्या दऱ्या आहेत. तिथल्या एका लहान गावात माझ्या बाबांना, म्हणजे तुमच्या पणजोबांना, पंपांच्या कारखान्यात नोकरी होती. आम्ही तिघंच: बाबा, आई आणि मी. घर म्हणजे एका विधवा बाईच्या लाकडी घराचा वरचा मजला. हिवाळ्यात तिथला रेडिएटर कुणी आतून हातोडी मारत असल्यासारखा ठणठणायचा, आणि आईने मोहरी फोडणीला टाकली की खालून बाई छतावर काठी ठोकायची. आई लगेच खिडकी उघडायची. बाहेर बर्फ आणि आत हिंगाचा वास, अशा थंडीत आम्ही जेवायचो. बाबांना त्याचं काही नव्हतं. बाबा मनाने त्या घरात राहतच नव्हते. ते डर्बीशायरमध्ये राहत होते.

याचा खुलासा करते. अमेरिकेत येण्याआधी बाबा कंपनीतर्फे तीन वर्षं इंग्लंडमध्ये होते. एकटेच, आई आणि मी तेव्हा पुण्यात. दर रविवारी तिथले सहकारी त्यांना डर्बीशायरच्या दऱ्याखोऱ्यांत पायी हिंडायला नेत. माणसाला आयुष्यात एखादी गोष्ट फार आवडावी, याबद्दल माझी तक्रार नाही. पण बाबांना ती आवडली नव्हती, ती त्यांना चढली होती. अमेरिकेत ते कारखान्यातल्या लोकांना 'हे लोक' म्हणायचे. सकाळी शॉर्टवेव्हवर खरखरत लंडनच्या बातम्या लावायचे. चहा घातलेल्या पिशव्या पाण्यात बुडवणारा देश कधी सुधारणार नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. आणि रविवारी सकाळी ट्वीडची टोपी घालून, लोखंडी टोकाची काठी घेऊन ते आम्हाला दऱ्या बघायला न्यायचे.

आता माझंही सांगते, म्हणजे एकट्या बाबांना नावं ठेवल्यासारखं होणार नाही. मी कॉन्व्हेंटची. नन्सनी आमच्याकडून इंग्लंडातल्या वनराया आणि झरे इतके पाठ करून घेतले होते, की पर्वतीच्या उतारावरच्या एका झुडपाचं नाव येत नव्हतं आणि न पाहिलेल्या इंग्लिश रानफुलांचं स्पेलिंग मात्र बिनचूक यायचं. त्यामुळे सुरुवातीला मला बाबांचं ते सगळं खरंच वाटायचं. दरीत उतरलं की दोन्ही बाजूंना काळपट दगडाच्या भिंती, त्यांच्यातून झिरपणारं पाणी, नेचे, हेमलॉकची उंच काळी झाडं. वर आभाळाची एक पट्टी. खाली ओढ्याचा सतत आवाज, आणि त्यावर बाबांच्या काठीचं टक्‌ टक्‌. बाबा थांबायचे, काठीने समोर दाखवायचे आणि विचारायचे, "सरोज, अगदी डर्बीशायर नाही का?"

आई मागून पिशवी घेऊन येत असायची. तिने डर्बीशायर नकाशावरसुद्धा पाहिलं नव्हतं. "हो, अगदी तस्सं," ती म्हणायची.

खाण्याचाही एक विधी होता. बाबांच्या मते दरीत काकडीचे सँडविचच खायचे असतात, तेही पावाच्या कडा काढून. आई ते करायची. पण पिशवीच्या तळाशी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं असायचं, कारण ते सँडविच खाऊन कुणाचं पोट भरलेलं मी आजतागायत पाहिलं नाही. इंग्लिश माणसांचंही भरत नसावं. नाहीतर ते निम्म्या जगात गेले नसते. बाबा एक सँडविच दरीकडे पाहत सावकाश खायचे आणि मग डोळे दरीवरच ठेवून हात मागे करायचे. आई त्या हातावर दशमी ठेवायची.

गावातल्या कॉलेजात मला सायन्सचा एखादा विषय घेणं भाग होतं. बेडूक कापायचा नव्हता म्हणून मी जिऑलॉजी घेतली. आमच्या प्रोफेसर बाई बुटांना चिखल लावूनच वर्गात यायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला जवळच्या दरीत नेऊन सांगितलं, की हा सगळा शेल आहे. समुद्राच्या तळाचा चिखल दाबून दाबून झालेला दगड. पापडांच्या चळतीसारखा थरावर थर, आणि पापडासारखाच मोडणारा. मी घरी येऊन हे उत्साहाने सांगितलं. बाबा म्हणाले, "लाइमस्टोन आहे तो. डर्बीशायरमध्ये सगळा लाइमस्टोनच आहे."

"पण बाबा, हे डर्बीशायर नाही."

"दगड दिसतो मला. तीन वर्षं पाहिलाय."

पुढच्या रविवारी मी आईच्या पिशवीतून लिंबाच्या रसाची बाटली काढली आणि खडकावर थोडा रस ओतला. लाइमस्टोन असेल तर बारीक बुडबुडे येतात, असं बाईंनी शिकवलं होतं. एकही बुडबुडा आला नाही. बाबांनी वाकून पाहिलं, सरळ झाले आणि म्हणाले, "अमेरिकन लिंबात जोर नाही." मी हसले नाही. मला तो विषय आवडायला लागला होता, तो बहुधा त्याच दिवशी. जगात अशी एक गोष्ट होती, जी बाबांनी काहीही म्हटलं तरी बदलत नव्हती.

त्या वसंतात मला मोठ्या युनिव्हर्सिटीत जिऑलॉजीलाच पुढे प्रवेश मिळाला. आणि त्याच सुमाराला सुहासचं स्थळ आलं. सुहास मिशिगनमध्ये ॲन आर्बरला सिव्हिलमध्ये पीएचडी करत होता. त्याची कुमुदमावशी न्यू जर्सीत, आयसेलिनला राहायची आणि आईच्या एका मैत्रिणीला ओळखायची. एवढ्या धाग्यावर लग्नं जमायची तेव्हा. बाबांनी ठरवलं की पसंती झाली तर जूनमध्ये साखरपुडा, आणि लग्न होऊन मी ॲन आर्बरला. माझ्या शिक्षणाचं काय, असं विचारलं तर म्हणाले, "तिथेही युनिव्हर्सिटी आहेच की." आहे, पण विद्यार्थ्याच्या बायकोची फी कोण भरणार, हे बोलायचं नव्हतं. मी तिथे स्टुडंट हाउसिंगमध्ये पोळ्या करीन आणि नवऱ्याचा थिसिस टाइप करीन, हे आम्हा तिघांनाही दिसत होतं. बाबांनी त्याला 'सेटल होणं' म्हटलं.

आता बाबांच्या अकलेचा कळस ऐका. कांदेपोह्यांचा कार्यक्रम त्यांना गावंढळ वाटायचा. मुलगी ट्रे घेऊन येते आणि मुलगा टाचणीने टोचलेल्या फुलपाखरासारखा सोफ्यावर बसतो, हे सुधारलेल्या लोकांना शोभत नाही. माणूस कळतो तो चालताना, असं डर्बीशायरमधल्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. म्हणून मला बघण्याचा कार्यक्रम दरीत झाला. माझ्या माहितीत दगडाच्या कपारीत बसून वधूपरीक्षा दिलेली मीच एकटी.

कुमुदमावशी नारायणपेठी नेसून, त्यावर जांभळं विंडचीटर आणि पायात पांढरे स्नीकर घालून आल्या होत्या. गाडीतून उतरताच त्यांनी दरीत वाकून पाहिलं. "अहो सरोजताई, इथे उतरायचंय? मला वाटलं रेस्टॉरंटचं नाव आहे."

सुहास उंच, नीटनेटका, चष्मा लावणारा. बूट कोरे करकरीत. मला म्हणाला, "हाय मेधा. काका सांगत होते, तू पण सायन्स करतेस. ग्रेट यार."

"जिऑलॉजी," मी म्हटलं.

"ओह नाइस. माझं पण सॉइल्स आणि स्लोप्सवरच आहे."

मला मनातून बरं वाटलं, हे लपवत नाही. म्हटलं, निदान याला दगड तरी कळत असेल.

दरीच्या तोंडाशी पायवाटेवर साखळी लावलेली होती. हिवाळाभर दगडांच्या फटींत पाणी गोठतं, वसंतात वितळतं आणि सैल झालेले तुकडे खाली येतात, म्हणून कामगार कडे साफ करेपर्यंत वाट बंद ठेवतात. पाटीवर तसं लिहिलंही होतं. बाबांनी पाटी वाचली आणि साखळीवरून पाय टाकला. "इंग्लंडमध्ये पायवाट सगळ्यांची असते. राणीलासुद्धा ती अडवता येत नाही."

"अगदी बरोबर, काका," सुहास म्हणाला आणि त्यानेही पाय टाकला. कुमुदमावशींनी साडी गोळा केली. आई पिशवी घेऊन साखळीखालून वाकून आली.

आत कुणीही नव्हतं. हेमलॉकच्या बुंध्यांशी पांढरी रानफुलं नुकती उमलली होती, आणि बर्फ वितळून ओढा भरून वाहत होता. इतकी सुंदर मी ती दरी पुन्हा पाहिली नाही, आणि इतकं निरर्थक बोलणंही तिथे पुन्हा ऐकलं नाही. बाबा म्हणाले, इथली हवा इंग्लंडपेक्षा जड आहे. सुहास म्हणाला, हो, जाणवतंय. तो आयुष्यात इंग्लंडला गेला नव्हता. बाबा म्हणाले, अमेरिकन माणसाला चालता येत नाही. सुहास म्हणाला, एक्झॅक्टली. बाबा भिंतीवर काठी ठोकून म्हणाले, हा लाइमस्टोन. मी कान टवकारले. सुहासने भिंतीकडे पाहिलं, बोटाने एक पापुद्रा सोलला, तो चुटकीत मोडला आणि म्हणाला, "येस काका."

कुमुदमावशी माझ्या कानाशी म्हणाल्या, "बघ हं, किती मिळूनमिसळून आहे. घरात कध्धी आवाज चढवत नाही."

दुसऱ्या धबधब्याच्या वर वाट वळते, तिथे दगडाचा एक सपाट पत्रा ओढ्यावर पुढे आलेला होता, ओटीच्या कट्ट्यासारखा. बाबांना तिथे सगळ्यांचा फोटो हवा होता. डर्बीशायरमध्ये अशाच एका खडकावर काढलेला त्यांचा फोटो दिवाणखान्यात होता. मी वाकून खाली पाहिलं. पाण्याने खालचा सगळा थर खाऊन टाकला होता. वरचा पत्रा अधांतरी होता.

"बाबा, इथे नको. हा शेल आहे. खाली पोकळ आहे."

"झालं हिचं सुरू," बाबा म्हणाले. "सुहास, तू सिव्हिलचा माणूस. सांग बघू हिला."

सुहास पुढे आला. उकिडवा बसला, पत्र्याखाली डोकं घालून बऱ्यापैकी वेळ पाहिलं. उठला. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. बाबा कॅमेरा गळ्यात घालून हसत उभे होते.

"काका म्हणतात तर… होल्ड करेल. शुड बी ओके."

आणि तो जाऊन कडेपासून लांब, भिंतीला पाठ लावून उभा राहिला. मी ते पाहिलं. कुमुदमावशी त्याला चिकटून उभ्या राहिल्या. मी जागची हलले नाही. "येऊ नकोस आई," मी म्हटलं. बाबा कॅमेऱ्यातून बघत म्हणाले, "मेधा, तमाशा नको. सरोज, तू ये. जरा डावीकडे. अजून डावीकडे." आई पिशवी घेऊन डावीकडे सरकली, अजून डावीकडे सरकली, आणि तिच्या पायाखालचा कोपरा कडक भाकरीचा तुकडा मोडावा तसा मोडला.

ती फार उंचावरून पडली नाही. पुरुषभर उंची असेल, आणि खाली गुडघाभर पाणी. पण ती हातावर पडली. मी कशीबशी बसत, घसरत खाली गेले तेव्हा ती पाण्यात बसलेली होती, उजवं मनगट डाव्या हातात धरून. पिशवी ओढ्याबरोबर निघून गेली होती. आई तिच्याकडे पाहत म्हणाली, "गेला गं डबा."

बाबा वर उभे होते. कॅमेरा अजून डोळ्याला होता.

न्यायाने सांगायचं तर सुहास लगेच उतरला. त्याने कुमुदमावशींचा स्कार्फ मागून घेतला, आईचा हात नीट झोळीत बांधला, तिला खांद्याचा आधार देऊन वर आणलं. हे सगळं त्याला उत्तम येत होतं. बाबा पुढे वाट काढत होते, मावशी मागे देवाचं नाव घेत होत्या, तेव्हा तो माझ्या शेजारून हळूच म्हणाला, "आय सो इट, यू नो. टोटली अंडरकट होता. शेलच आहे."

मी थांबले. "मग बोलला का नाहीस?"

"अगं, काकांना सगळ्यांसमोर राँग कसं म्हणणार? फर्स्ट मीटिंग यार."

मी आयुष्यात बरीच मूर्ख माणसं पाहिली आहेत, आणि मूर्खपणाची मला तितकीशी चीड येत नाही. बाबांना खरंच वाटत होतं की तो लाइमस्टोन आहे. पण या माणसाला माहीत होतं, आणि त्याने माझ्या आईला त्या कडेवर जाऊ दिलं. का, तर शिष्टाचार. आजही मला एखादा तरुण फार नम्र आहे असं कुणी सांगितलं, की मी तो कुठे उभा आहे ते पाहते. तुमचे आजोबा या प्रकरणात कुठेच नाहीत, तेव्हा त्यांना शोधत बसू नका. ते कमालीचे उद्धट होते.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरने विचारलं, बंद दरीत काय करत होता? बाबा इंग्रजीत म्हणाले, "वाटेची देखभाल नीट केलेली नाही." आईच्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर घातलं.

त्या आठवड्यात आमच्या घरी दोन गोष्टी चालल्या होत्या. एक म्हणजे बाबा स्वयंपाक करत होते, आईने खुर्चीवर बसून सांगायचं आणि बाबांनी करायचं. पंपांचा हा इंजिनिअर कणकेत पाणी मापाच्या कपाने ओतायचा आणि तरी दर वेळी गिलावा व्हायचा. दुसरी गोष्ट माझं लग्न. मी बाबांना सगळं सांगितलं, दरीत सुहास जे बोलला ते शब्दशः सांगितलं. बाबा म्हणाले, "त्याला आदर म्हणतात. तुला नाही कळायचं. एवढा प्रसंग झाला, पण मुलगा उलट शब्द बोलला नाही."

"म्हणूनच प्रसंग झाला," मी म्हटलं.

"मेधा, पुरे. कुमुदताईंचा फोन आला की मी हो कळवणार आहे. युनिव्हर्सिटीला तू पत्र टाक."

मी आईकडे पाहिलं. ती प्लास्टरच्या कडेने खाजवत होती. मी खोलीत गेले आणि दार लावलं. तेव्हा माझ्याकडे याहून मोठं शस्त्र नव्हतं.

फोन गुरुवारी संध्याकाळी आला. बाबांचे दोन्ही हात कोपरापर्यंत कणकेत होते. घंटा वाजत राहिली. बाबांनी हात वर धरले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "सरोज, घे. हो म्हणून सांग. जूनचं त्यांनाच ठरवू दे."

मी दारात येऊन उभी राहिले. आईने डाव्या हाताने रिसीव्हर उचलला, खांदा आणि कान यांच्यात धरला. पलीकडून कुमुदमावशींचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. हात कसा आहे, औषधं काय, इकडे किती उकाडा वाढलाय, सुहास किती काळजी करतोय, आणि मग, काय ठरलं तुमचं?

बाबा मान डोलवत होते. ओठांनी 'हो, हो' करत होते.

"मुलगा चांगला आहे हो कुमुदताई," आई म्हणाली. "हात फार छान बांधला त्याने. डॉक्टरसुद्धा म्हणाले." तिने रिसीव्हर खांद्यावर नीट सरकवला. "पण काय आहे, आमच्या घरात हो म्हणणारं एक माणूस आहे. मी. माझा एकच हात मोडला. हो म्हणणारे दोघं झालो तर घरात कुणी धड राहायचं नाही."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"नाही, मेधाचं नाही. तिचं तर तिने केव्हाच सांगितलंय. माझं 'नाही' आहे म्हणते मी. तिला पुढे शिकायचंय, आणि ती जाणार आहे. हो. हो. नक्की या तुम्ही, जेवायलाच या. हात बरा झाला की."

तिने रिसीव्हर ठेवला. बाबा हात तसेच वर धरून उभे होते, बोटांवरून कणीक ओघळत होती. त्यांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता लंडन आणि डर्बीशायर आणि आमचं सगळं खानदान बाहेर येणार.

"बोलाल मग," आई म्हणाली. "कुकरच्या शिट्ट्या झाल्या. आधी ती शेगडी बंद करा."

बाबांनी कणकेच्या हातांनीच बटण फिरवलं.